प्रेक्षागृहातला हशा परीक्षणात का उतरत नाही?

प्रेमाच्या गोष्टीवरचे एखादे हलकेफुलके नाटक रंगमंचावर आले की त्याच्याविषयी दोन निराळ्या प्रकारचे बोलणे कानावर येते. पडदा पडल्यावर बाहेर पडणारी माणसे प्रसंग सांगत असतात: ती दार उघडते आणि तो चुकीच्या मुलीचे नाव घेतो, किंवा दोघे भांडता भांडता एकाच वेळी गप्प होतात आणि मग दोघेही एकदमच बोलू लागतात. दोन-चार दिवसांनी छापून येणाऱ्या परीक्षणात मात्र यातला एकही प्रसंग नसतो. तिथे कथासूत्र असते, कलाकारांची नावे असतात, नेपथ्य प्रसन्न असल्याची नोंद असते आणि शेवटी 'डोके बाजूला ठेवून पाहावे असे नाटक' हा शेरा असतो. ज्या नाटकाला शेकडो लोक एका जागी बसून, एका क्षणी हसले, त्या नाटकाविषयी लिहिताना ते लोक नेमके कशाला हसले हे न सांगणे म्हणजे परीक्षणाचे मुख्य काम टाळणे आहे, असे मला वाटते. या प्रकारच्या नाटकावर माझे मनापासून प्रेम आहे, त्यामुळे त्याच्याविषयी सवलतीच्या सुरात लिहिलेले वाचले की वाईट वाटते. टीका झाल्याचे तेवढे वाईट वाटत नाही.

समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातली या बाबतीतली दरी जुनी आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचे आहे. ॲन निकोल्स यांचे 'एबीज आयरिश रोज' हे नाटक मे १९२२ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९२७ पर्यंत त्याचे २,३२७ प्रयोग झाले. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी आणि आपापल्या धर्माला घट्ट धरून बसलेले दोन बाप, एवढीच त्याची गोष्ट. 'लाइफ' या साप्ताहिकाचे नाट्यसमीक्षक रॉबर्ट बेंचली यांना ते मुळीच आवडले नव्हते. पण चालू असलेल्या प्रत्येक नाटकाविषयी दर आठवड्याला एक-दोन ओळी लिहिणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. नाटक बंद पडेना, तेव्हा त्यांना वर्षानुवर्षे त्याच नाटकावर नवी ओळ शोधावी लागली. एकदा त्यांनी फक्त बायबलमधल्या एका वचनाचा क्रमांक छापला. ते वचन 'काल, आज आणि सदासर्वकाळ सारखाच' अशा अर्थाचे आहे.

हा किस्सा सांगून बहुतेक जण थांबतात. कोणी त्यातून समीक्षकांना समाज कळत नाही असा निष्कर्ष काढतो, तर कोणी समाजाला अभिरुची नसते असा. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. प्रयोगांची संख्या म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे. ते नाटक आज क्वचितच कोणी करते आणि त्यातली पात्रे ठोकळेबाज आहेत हा आक्षेप बरोबरच होता. पण जी माणसे स्वतःच्या घरात धर्माबाहेरच्या लग्नावरून झालेली भांडणे पाहत होती, ती या दोन बापांकडे पाहून कशाने सुखावत होती, याचे उत्तर बेंचली यांच्या त्या सुंदर ओळींत सापडत नाही. नाटक वाईट का आहे हे त्यांनी पाच वर्षे सांगितले. ते लोकांना का लागू पडते हे सांगायचे राहून गेले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण लंडनचे आहे. ऑस्कर वाइल्ड यांचे 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' १४ फेब्रुवारी १८९५ रोजी सेंट जेम्स थिएटरमध्ये पहिल्यांदा झाले. त्यात अल्जर्नॉनची भूमिका करणारे ॲलन एन्सवर्थ यांनी पुढे सांगितले की, ५३ वर्षांच्या अभिनयाच्या कारकिर्दीत त्या पहिल्या रात्रीएवढे मोठे यश त्यांना दुसरे आठवत नव्हते. त्यावर समीक्षक विल्यम आर्चर यांनी लिहिलेले परीक्षण मला फार प्रामाणिक वाटते. कलेचे किंवा नीतीचे कोणतेही तत्त्व न मांडणाऱ्या, स्वतःचे नियम स्वतःच करणाऱ्या नाटकाचे बिचाऱ्या समीक्षकाने करायचे तरी काय, असा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. नाटक आवडले आहे, पण आपल्याजवळची मापे त्याला लागत नाहीत, हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉ मात्र खूश नव्हते. आपल्याला हसू आले हे त्यांनी मान्य केले. पण जी सुखात्मिका हसवण्याबरोबर हृदयाला स्पर्श करत नाही, ती पाहून संध्याकाळ वाया गेल्यासारखे वाटते, असे त्यांनी लिहिले. गुदगुल्या करून हसवून घ्यायला आपण नाट्यगृहात जात नाही, हसावेसे वाटावे इतके हलून जायला जातो, असा त्यांचा आग्रह होता. वाइल्डच्या त्या नाटकापुरते शॉ यांचे मत मला पटत नाही. तिथे प्रेमाच्या रूढ भाषेचीच गंमत चालली आहे आणि ती गंमत इतकी काटेकोर आहे की तिच्याकडून ओलावा मागणे गैरलागू ठरते. परंतु प्रेमावरच्या इतर बहुतेक विनोदी नाटकांना शॉ यांची कसोटी लावून पाहिली की ती अचूक निघते. दोन माणसे एकत्र यावीत असे आपल्याला वाटलेच नाही, तर त्यांच्या वाटेतल्या अडचणी कितीही गमतीच्या असल्या तरी दुसऱ्या अंकात बसवेनासे होते.

शॉ यांचा हा आग्रह कुठून आला असावा याचा एक धागा त्यांच्या स्वतःच्या अनुभवात सापडतो. एप्रिल १८९४ मध्ये त्यांचे 'आर्म्स अँड द मॅन' लंडनच्या ॲव्हेन्यू थिएटरमध्ये झाले. प्रेम आणि युद्ध यांच्याविषयीच्या भाबड्या कल्पनांना उलटवणारे हे नाटक, आणि त्याला पहिल्याच रात्री हशामागून हशा मिळत गेला. शॉ यांनी नंतर एका पत्रात लिहिले की, नट त्या हशाने भान हरपायच्या बेतात होते, आपण टाळ्यांच्या कडकडाटात पडद्यासमोर गेलो आणि सबंध नाट्यगृहात हा प्रयोग भयंकर फसला आहे हे कळलेला आपण एकटाच माणूस होतो. लोक चुकीच्या गोष्टीला हसले असे त्यांना वाटत होते. लेखकाला जे गंभीर होते, ते लोकांनी थट्टा म्हणून घेतले. हशा मिळणे आणि नाटक पोचणे यांतले हे अंतर प्रत्यक्ष रंगमंचावर काम करणाऱ्यांना चांगले माहीत असते. परीक्षणात मात्र 'नाटकाला भरभरून हशे मिळतात' एवढ्यावर काम भागवले जाते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी आणि फार बारकाईने झाला आहे. 'नाट्यशास्त्र' या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात त्याचे कर्ते भरत सांगतात की शृंगारातून हास्याची उत्पत्ती होते. प्रेमाचे नाटक विनोदी होणे हा त्यांच्या दृष्टीने रसांच्या मूळ नात्यातून येणारा परिणाम आहे. त्याच अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दिसता गाल किंचित फुलण्यापासून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसण्याची ही चढण आहे. आजच्या एखाद्या परीक्षकाने केवळ एवढे जरी टिपले की अमुक प्रवेशात लोकांच्या चेहऱ्यावर स्मित होते आणि तमुक प्रवेशात अतिहसित, तरी नाटकाची घडण वाचकाला निम्मी कळेल.

प्रयोगाच्या सिद्धीविषयीच्या, म्हणजे यशाविषयीच्या, अध्यायात तर भरत प्रेक्षकांच्या प्रतिसादाचीच यादी देतात. मानुषी सिद्धी ओळखायची ती स्मिताने, अर्ध्या हास्याने, मोठ्या हास्याने, 'साधु' आणि 'अहो' अशा उद्गारांनी, अंगावरच्या रोमांचांनी, जागेवरून उठण्याने. दैवी सिद्धी मात्र वेगळी आहे: जिथे आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही आणि रंग, म्हणजे प्रेक्षागृह, पूर्ण भरलेला आहे, तिथे ती असते. प्रेमावरचे विनोदी नाटक पाहताना मला ही ओळ नेहमी आठवते. दीड तास मोकळेपणाने हसत असलेले प्रेक्षागृह, नायिका विनोद न करता पहिल्यांदाच सरळ बोलते तेव्हा एकाएकी निःशब्द होते. कोणी खोकत नाही, कोणी खुर्चीत हलत नाही. त्या शांततेपर्यंत पोचण्यासाठीच आधीचे सगळे हशे लेखकाने पेरलेले असतात, आणि ती आली की नाही हे त्या रात्री तिथे बसलेल्या कोणालाही सांगता येते.

हेच भरत प्रयोगाचे मूल्यमापन करणारे प्राश्निकही नेमतात, आणि एकच सर्वज्ञ समीक्षक न नेमता ज्याला ज्यातले कळते त्याला त्याच भागासाठी नेमतात. यज्ञाच्या प्रसंगासाठी यज्ञ जाणणारा, अभिनयासाठी नर्तक, वृत्तांसाठी छंद जाणणारा, स्वरांसाठी गायक, आणि प्रेमव्यवहारासाठी गणिका. ही शेवटची नेमणूक मला विलक्षण वाटते. रंगमंचावरची प्रेमिकांची वागणूक खरी आहे की नाही हे शास्त्रातून कळत नाही, ते माणसांच्या अनुभवातून कळते, अशी कबुली तिच्यात आहे. मात्र त्याच ग्रंथात कोणाला काय आवडते हे सांगताना मुले, मूर्ख आणि स्त्रिया हास्यात आणि वेशभूषेत रमतात असेही म्हटले आहे. हा ग्रह मला मान्य नाही आणि तो अजून गेलेलाही नाही. नाटक प्रेमाचे असले, त्यात हसू असले आणि प्रेक्षागृहात बायकांची गर्दी असली की ते कमी प्रतीचे असणार असे गृहीत धरून लिहिलेली परीक्षणे आजही वाचायला मिळतात.

प्रेक्षक आणि परीक्षक यांना एकाच दृश्यात समोरासमोर बसवण्याचे काम कालिदासाने 'मालविकाग्निमित्र'मध्ये केले आहे. या नाटकाच्या प्रस्तावनेतच भास, सौमिल्ल यांच्यासारखे नामवंत असताना आजच्या कालिदासाचे नाटक कशाला, असा प्रश्न येतो आणि 'पुराणमित्येव न साधु सर्वम्' हे उत्तर येते. जुने म्हणून सगळे चांगले नसते, नवे म्हणून वाईट नसते, जाणते लोक स्वतः पारखून घेतात. ही प्रसिद्ध ओळ एका हलक्याफुलक्या प्रेमनाट्याच्या तोंडी आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

पुढे दुसऱ्या अंकात मालविकेचे नृत्य होते. दोन नृत्याचार्यांचा वाद मिटवायला परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, कौशिकी परीक्षक म्हणून बसली आहे, राणी धारिणी हे लवकर संपावे म्हणून अस्वस्थ आहे, आणि राजा अग्निमित्र कलेचा निवाडा ऐकायला आल्याचे दाखवत प्रत्यक्षात प्रेमात पडलेल्या माणसाच्या नजरेने पाहतो आहे. मालविका दुर्लभ प्रियकराविषयीचे गीत अभिनयासह सादर करते आणि ते गीत आपल्यालाच उद्देशून आहे हे राजाला कळते. नृत्य संपते, ती जाऊ लागते. ती आणखी थोडा वेळ थांबावी म्हणून विदूषक तिला अडवतो: क्रमात काहीतरी चूक झाली आहे, म्हणतो. आधी कौशिकीचे मत घेतले जाते. ती अंगविक्षेप, लय, भाव यांची नेमकी तपासणी करून सगळे निर्दोष असल्याचे सांगते. मग विदूषक आपला आक्षेप सांगतो: पहिल्या प्रयोगाच्या वेळी ब्राह्मणाची पूजा करायची असते, ती राहिली! सगळे हसतात. मालविकाही किंचित हसते, आणि तिच्या त्या अर्ध्या उमललेल्या हसण्यावर राजा हरवून जातो.

या एका प्रसंगात सगळे प्रतिसाद आहेत. तज्ज्ञ स्त्रीचे परीक्षण आहे, प्रेमिकाचे पाहणे आहे, मत्सर आहे, आणि टीकेचा आव आणून प्रेमाची सोय करणारा विनोद आहे. शृंगारातून हास्य येते म्हणजे काय, हे इथे प्रत्यक्ष दिसते. आणि हास्यातून शृंगार पुढे सरकतो हेही दिसते, कारण विदूषकाच्या त्या थट्टेवाचून राजाला ते स्मित पाहायला मिळालेच नसते. इतके असूनही होरेस हेमन विल्सन यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकाला हे नाटक कालिदासाचे असेल की नाही याची शंका आली. ते त्या महाकवीच्या योग्यतेचे त्यांना वाटले नाही. पुढच्या संशोधकांनी ती शंका दूर केली. माझ्या मते यात नाटकाच्या हलकेपणाचा त्याच्या मोजमापावर झालेला परिणाम स्पष्ट दिसतो.

हशाविषयी एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात घ्यायला हवी. हसणे ही मुळात सोबतीने होणारी क्रिया आहे. माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो, असे रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाच्या अभ्यासात दिसले होते. म्हणजे अर्धे रिकामे प्रेक्षागृह आणि हाऊसफुल्ल प्रेक्षागृह यांत दिसणारे नाटक एकच नसते. शुभारंभाच्या प्रयोगाला निमंत्रित, नातेवाईक आणि व्यवसायातली माणसे बसलेली असतात. ती एक तर जास्त हसतात किंवा वहीत टिपणे काढत अजिबात हसत नाहीत. पुढे प्रयोग होत जातात तसे नटांना हशाच्या जागा सापडतात, टायमिंग बसते, कोणत्या हशावर थांबायचे आणि कोणता हशा वाक्याखाली दाबून पुढे जायचे हे ठरते. या शेवटच्या कौशल्याची दखल परीक्षणात जवळजवळ कधीच घेतली जात नाही. लाफ्टर घेण्यासाठी थांबणारा नट सगळ्यांना दिसतो. समोरच्या पात्राचा नाजूक क्षण जपण्यासाठी स्वतःचा हमखास लाफ्टर सोडून देणारा नट माझ्या लेखी मोठा असतो.

विनोद गोष्टीतून येतो की गोष्टीला चिकटवलेला असतो, हा भेदही प्रेक्षकाला आतून कळतो, फक्त तो त्याला नाव देत नाही. नील सायमन यांची दोन नाटके यासाठी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९६३ मध्ये माइक निकोल्स यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रॉडवेवर आलेल्या 'बेअरफूट इन द पार्क'चे १,५३० प्रयोग झाले. नवविवाहित जोडप्याचे घर उंच जिन्यांच्या टोकाला आहे आणि दारातून येणारा प्रत्येक जण धापा टाकत येतो, हा त्यातला पुन्हा पुन्हा येणारा विनोद. दूरध्वनी बसवणारा एका तऱ्हेने दमतो, आई दुसऱ्या तऱ्हेने, नवरा तिसऱ्या. त्या दमण्यातून प्रत्येकाचा स्वभाव कळतो, आणि हे घर पसंत करणाऱ्या बायकोच्या उत्साहाला नवरा किती दिवस पुरा पडणार, हा नाटकाचा खरा प्रश्न त्या जिन्यातच उभा राहतो. तीन वर्षांनी आलेले 'द स्टार-स्पँगल्ड गर्ल' हेही प्रेमावरचे विनोदी नाटक, त्याच लेखकाचे, वाक्यावाक्याला विनोद असलेले. त्याविषयी समीक्षक वॉल्टर कर यांनी लिहिले की, या हंगामात सायमन यांना नाटकाची कल्पना सुचली नाही, तरी त्यांनी एक लिहून टाकले आहे. ही टीका बोचरी असली तरी उपयोगाची होती, कारण विनोदाच्या मागे दोन माणसांमधली ओढ नाही हा दोष तिने नेमका दाखवला.

काळ बदलला की प्रतिसादही बदलतो, आणि त्याची नोंद तर समीक्षकाशिवाय दुसरे कोणी ठेवू शकत नाही. नोएल कॉवर्ड यांचे 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' १९३० मध्ये आले तेव्हा स्वतः कॉवर्ड आणि गर्ट्रूड लॉरेन्स त्यात होते. घटस्फोट घेतलेले नवरा-बायको आपापल्या नव्या जोडीदारांबरोबर मधुचंद्राला जातात आणि शेजारच्या दोन गच्च्यांवर एकमेकांसमोर येतात. त्या वेळच्या समीक्षकांनी ते तलम, विरळ, चमकदार अशा विशेषणांनी वर्णिले, म्हणजे चांगले पण टिकणार नाही अशा सुरात. ते टिकले. मात्र काही बायकांना नेमाने बडवले पाहिजे अशा अर्थाचे त्यातले नायकाचे वाक्य आज ऐकताना प्रेक्षागृहात काय होते, हा प्रश्न प्रत्येक नव्या दिग्दर्शकासमोर असतो. काही जण हसतात, काही जण आवंढा गिळतात, आणि ते वाक्य ऐकून घेणारी नटी त्या क्षणी कशी उभी आहे यावर सगळा तोल ठरतो. नकाराला न जुमानता मुलीच्या मागे लागणारा नायक ही तर या नाट्यप्रकाराची जुनी सवय. तिथे आता हशा उशिरा येतो, किंवा नुसता पुरुषांकडून येतो, किंवा येतच नाही.

हे सगळे त्या त्या रात्री घडते आणि संपते. संहिता छापलेली राहते, चित्रफीत कधी राहते कधी नाही, पण चित्रफितीतही प्रेक्षागृह अंधारातच असते. पंचवीस वर्षांनी ते नाटक पुन्हा करायला घेणाऱ्या दिग्दर्शकाला 'निखळ करमणूक' या दोन शब्दांचा काहीही उपयोग नाही. त्याला हवे असते ते असे: दुसऱ्या अंकातल्या पत्राच्या प्रवेशात लोक पत्र उघडण्यापूर्वीच हसले की वाचून झाल्यावर, नायकाच्या मित्राला टाळी मिळाली तेव्हा नायिका प्रेक्षकांच्या मनातून दूर गेली का, आणि शेवटी दोघे जवळ आले तेव्हा आधी शांतता पसरली की आधी टाळ्या पडल्या.